साठ मीटरवरचा टॉवर आणि कानाजवळचा फोन

घाटंजी तालुक्यातल्या एका भावाने विचारलं आहे: "आमच्या घरापासून साठेक मीटरवर चाळीस मीटर उंचीचा टॉवर उभा राहतोय. सून पाच महिन्यांची गरोदर आहे. ग्रामसभेत लोक म्हणतात कॅन्सर होतो, पोटातल्या बाळावर परिणाम होतो. मी विरोधाच्या अर्जावर सही करू का? आणि माझ्या फोनचा 'सार' १.१९ दाखवतो, पोराच्या फोनचा ०.८. माझा फोन बदलू का?"

भाऊ, एकोणीस वर्षं मी हेच काम केलं. आधी गाडीत लॅपटॉप अन् फोन बांधून रस्तोरस्ती रेंज मोजायची, ज्याला आम्ही ड्राइव्ह टेस्ट म्हणतो. नंतर टॉवरच्या लहरी प्रोब, म्हणजे लहरी मोजायचं हातातलं यंत्र, लावून मोजायच्या. यवतमाळ, वर्धा, अमरावती, वर मेळघाटात धारणी-चिखलदऱ्यापर्यंत. आता मी कोणत्याच कंपनीचं काम करत नाही, त्यामुळे टॉवर लागला काय अन् नाही लागला काय, माझा त्यात फायदा-तोटा नाही.

तुमच्या घरात भीती टॉवरची आहे, कारण टॉवर दिसतो. मला विचाराल तर खरा प्रश्न असा आहे: तुमच्या सुनेच्या अंगावर दिवसभरात ज्या काही लहरी पडतात, त्यातल्या किती टॉवरकडून येतात आणि किती तिच्या स्वतःच्या हातातल्या फोनमधून? हे हिशेबाने पाहिलं की सहीचा निर्णय तुम्हाला स्वतःलाच घेता येईल.

आधी मर्यादा कुठून आली ते सांगतो. मोबाईलच्या लहरी एक्स-रेसारख्या नाहीत. अणूतून इलेक्ट्रॉन उडवायला, म्हणजे पेशीतल्या डीएनएचे बंध थेट तोडायला जेवढी ताकद एका कणात लागते, तिच्या काही लाखावा भागही या लहरींच्या कणात नसतो. या लहरींचा सिद्ध झालेला परिणाम एकच, तो म्हणजे ऊब. ती किती झाली तर अपाय, हे प्राण्यांवर तपासलं गेलं. शरीराच्या दर किलोमागे ४ वॅट शोषले गेले की अंगाचं तापमान साधारण एका अंशाने चढतं आणि शिकवलेले उंदीर, माकडं आपलं काम सोडून देतात. अशा लहरींपासून बचावाच्या मर्यादा ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने, जिला आयसीएनआयआरपी म्हणतात, या ४ ला ५० ने भागलं आणि सामान्य माणसाच्या पूर्ण शरीरासाठी ०.०८ वॅट प्रति किलो ही मर्यादा धरली. आता हे लक्षात घ्या की आपण नुसते ओसरीत बसलो असलो तरी आपलं शरीर दर किलोला सुमारे १ वॅट उष्णता स्वतः तयार करतं. कपाशी वेचताना, डवरणी करताना त्याच्या कितीतरी पट. यवतमाळच्या मे महिन्यात तुमचं रक्त जी उष्णता घामावाटे बाहेर काढतं, तिच्यापुढे ०.०८ फार थोडं आहे.

टॉवरसाठी हीच मर्यादा हवेत मोजता येईल अशा मापात सांगतात, म्हणजे दर चौरस मीटरवर किती वॅट पडतात. मोबाईलच्या लहरींचे वेगवेगळे पट्टे असतात, ते मेगाहर्ट्झमध्ये सांगतात. ९०० मेगाहर्ट्झला आंतरराष्ट्रीय मर्यादा ४.५ वॅट आहे. आपल्या सरकारने १ सप्टेंबर २०१२ पासून ती एक दशांशावर, ०.४५ वर आणली. १८०० मेगाहर्ट्झला ०.९, आणि २००० च्या वर १ वॅट. ५जीचे बहुतेक पट्टे याच शेवटच्या रांगेत येतात, त्यांच्यासाठी वेगळं भय धरायचं कारण नाही.

आता तुमचा टॉवर. आपण मुद्दाम वाईटात वाईट धरू. अँटेनाला २० वॅट दिले. अँटेना ते सगळीकडे न सांडता एका दिशेला एकवटते, साधारण ५० पट, म्हणजे त्या दिशेला उभ्या माणसाला तो १००० वॅटचा स्रोत वाटतो. साठ मीटरवर ही शक्ती ज्या गोलावर पसरते त्याचं क्षेत्रफळ सुमारे ४५,००० चौरस मीटर. भागाकार केला की ०.०२२ वॅट प्रति चौरस मीटर येतात. मर्यादेचा विसावा भाग. दोन-तीन कंपन्यांच्या मिळून अशा सहा वाहिन्या, म्हणजे २० वॅटचे सहा स्रोत, एकाच दिशेला पूर्ण जोरात चालल्या तरी ०.१३.

पण हेही खरं नाही, कारण हा हिशेब तुमचं घर झोताच्या अगदी मध्यात धरून केला. ते तिथे नाही. टॉवरची अँटेना मोटारसायकलच्या हेडलाइटसारखी समोर फेकते, खाली नाही. तिला साधारण पाच अंश खाली झुकवलेलं असतं. चाळीस मीटर उंचीवरून पाच अंशांच्या उताराने निघालेला झोत जमिनीला टेकतो तो जवळपास साडेचारशे मीटरवर. तिथे पोचेपर्यंत तो इतका पसरतो की एका वाहिनीचे चौरस मीटरवर ०.०००४ वॅटच उरतात. आणि साठ मीटरवरच्या तुमच्या घराकडे पाहायला त्या अँटेनाला तीसेक अंश मान वाकवावी लागेल. झोताची उभी जाडी जेमतेम सात अंश असते. म्हणजे तुमचं अंगण दिव्याखालच्या अंधारात आहे. मी प्रोब घेऊन टॉवरच्या पायथ्याशी उभा राहिलो की गावकरी श्वास रोखून पाहायचे, आणि आकडा पलीकडच्या वस्तीपेक्षा कमी यायचा. माझं यंत्र बिघडलं असं त्यांना वाटायचं. मग मी त्यांच्याच हातात प्रोब देत असे.

तरीही "सगळे टॉवर निर्धास्त" असं मी म्हणणार नाही. जागेवर अवलंबून असतं. तुमचं घर टेकाडावर आणि टॉवर खालच्या वावरात असेल, तर घराची उंची अँटेनाच्या उंचीला भिडू शकते. किंवा शहरात होतं तसं, शेजारच्या गच्चीवर बुटका खांब आणि त्याच्या तोंडासमोर दुसऱ्याची गच्ची. मला मर्यादेच्या वरचा आकडा मिळाला तो अशाच एका शहरी गच्चीवर, अँटेनापासून चार पावलांवर. तिथे रोज कपडे वाळत घालत होते. त्या कंपनीला आम्ही तो खांब उंच करायला लावला. दूरसंचार विभागाचा नियम यासाठीच आहे: अँटेनासमोर त्याच उंचीवर इमारत असेल तर एका अँटेनाला किमान २० मीटर, एकाच दिशेला दोन असतील तर ३५, चार असतील तर ४५ मीटर अंतर हवं. तुमच्या गावात चाळीस मीटर उंच घर नाही, त्यामुळे सपाट जागा असेल तर हा प्रश्न उरत नाही. टेकाड असेल तर मात्र कंपनीच्या माणसाला नकाशा काढून दाखवायला लावा. तो तुमचा हक्क आहे.

आता फोनकडे येतो, कारण माझं सगळं सांगणं इथे आहे.

फोन आणि टॉवर यांचं बोलणं दोन्हीकडून चालतं. टॉवर जवळ असेल तर फोन कुजबुजतो, दूर असेल तर फोनला ओरडावं लागतं. ४जीचा फोन जास्तीत जास्त ०.२ वॅट फेकतो. जुन्या २जीवर बोलताना क्षणाचा जोर २ वॅटपर्यंत जातो, सरासरी पाव वॅट पडते. रेंज चांगली असेल तर हाच फोन हजार पटीने खाली उतरतो. ही शक्ती टॉवरच्या मानाने कमी आहे, पण फोन साठ मीटरवर नसतो, कानाला चिकटलेला असतो. म्हणून अंगावर पडणाऱ्या लहरींचा मोठा वाटा जवळपास नेहमी आपल्याच फोनचा असतो, आणि तो वाटा टॉवर दूर गेला की वाढतो.

हे मी एका गावात डोळ्यांनी पाहिलं. नाव सांगत नाही. लोकांनी जोर लावून टॉवर गावातून घालवला. तो तीन किलोमीटरवर, नाल्यापलीकडच्या धुऱ्याला उभा राहिला. दोनेक वर्षांनी त्याच गावातून तक्रार आली की घरात रेंजच येत नाही, आणि मला मोजायला पाठवलं. आमच्या यंत्रावर फोन किती जोराने फेकतोय तेही दिसतं. टिनाच्या घरात, मागच्या खोलीत, आकडा सारखा वरच्या टोकाला चिकटलेला होता. त्या खोलीत एक बाई बाळाला मांडीवर घेऊन माहेरी फोनवर बोलत होती. ज्या बाळांसाठी गावाने टॉवर हलवला होता त्यांच्यापैकीच ते एक. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. गावाचा हेतू चांगला होता, त्यांना समजावून सांगायला आमच्यापैकी कोणी वेळेवर गेलं नव्हतं. मी इतकं लांबलचक लिहितो त्याचं कारण तो दिवस आहे.

मेळघाटात तर माणसं टेकडीच्या एका ठराविक दगडावर चढून बोलतात, कारण तिथेच फोनवर रेंजची एक काडी येते. दुपारपर्यंत बॅटरी संपलेली असते. तुमच्याकडे यंत्र नाही, पण बॅटरी आहे. नुसतं बोलून फोन भराभर उतरत असेल तर तो बहुतेक ओरडून बोलतोय असं समजा. (कानाला लागणारी ऊब मात्र लहरींची नसते, ती बॅटरीची आणि आतल्या चिपची असते.)

आता तुमचा १.१९. स्टार, हॅश, शून्य, सात, हॅश दाबलं की दिसतो तो आकडा 'सार', म्हणजे डोक्याच्या किंवा अंगाच्या एका जागी दर किलोमागे किती वॅट शोषले जातात ते माप. आपल्याकडे १ सप्टेंबर २०१२ पासून मर्यादा १.६ आहे, कुठल्याही एका ग्रॅम भागाच्या सरासरीवर. त्याआधी २ होती, तीही दहा ग्रॅमच्या सरासरीवर, म्हणजे आताची कडक आहे. प्रयोगशाळेत माणसाच्या डोक्याच्या आकाराच्या साच्यात शरीरासारखा द्रव भरतात, फोन कानाला लावतात, त्याला सगळ्यात जास्त जोराने फेकायला लावतात आणि सगळ्यात वाईट जागेचा आकडा टिपतात. म्हणजे १.१९ हा तुमच्या फोनचा सगळ्यात वाईट क्षण आहे, रोजचा नाही. चांगली अँटेना असलेला १.१९ वाला फोन तुमच्या गावात कमी जोराने काम भागवेल, आणि ०.८ वाला रेंज पकडता न आल्याने सारखा टोकाला जाईल, असं सहज होऊ शकतं. दोन्ही मर्यादेच्या आत आहेत. फोन बदलू नका, ते पैसे राहू द्या.

अंगावरचा सार मोजताना फोन शरीरापासून ५ ते १५ मिलिमीटर दूर धरतात. शर्टाच्या वरच्या खिशात तो छातीला टेकलेला असतो. खिशातला फोन बहुतेक वेळ गप्प असतो म्हणून घाबरू नका, पण घरात कुणाला पेसमेकर बसवलेला असेल तर फोन त्या बाजूच्या खिशात ठेवूच नये, वीतभर दूर ठेवावा.

कॅन्सरबद्दल सांगतो, कारण ग्रामसभेत कुणीतरी "जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलंय" असं म्हटलं असेलच. ते अर्धं खरं आहे. या संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने मे २०११ मध्ये या लहरींना '२बी' गटात टाकलं, म्हणजे "कॅन्सर होण्याची शक्यता नाकारता येत नाही, पुरावा तोकडा". पुढे पुरावा साठत गेला. चौदा देशांत, त्यात भारतही होता, १० ते २४ वयाच्या मुलामुलींमध्ये मेंदूच्या गाठींचा अभ्यास झाला, सुमारे ९०० रुग्ण तपासले. फोनमुळे धोका वाढल्याचं दिसलं नाही. २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेच करवून घेतलेल्या आढाव्यात १९९४ पासूनचे ६३ अभ्यास एकत्र पाहिले गेले. मोबाईल आणि मेंदूचा कॅन्सर यांचा संबंध आढळला नाही, दहा वर्षांहून जास्त वापरणाऱ्यांतही नाही. अमेरिकेत उंदरांवरचा एक मोठा प्रयोग लोक पुढे करतात. तो खरा आहे, त्यात नर उंदरांच्या हृदयात गाठी सापडल्या. पण त्या उंदरांच्या पूर्ण अंगावर रोज नऊ तास, दोन वर्षं, दर किलोला ६ वॅटपर्यंत लहरी सोडल्या होत्या. आपल्या पूर्ण शरीराच्या मर्यादेच्या ७५ पट. आणि लहरी खाल्लेले नर उंदीर न खाल्लेल्यांपेक्षा जास्त जगले, त्याचाही अर्थ लावणं सोपं नाही.

त्याच कॅन्सर संशोधन संस्थेच्या पहिल्या गटात, जिथे कॅन्सर होतो हे सिद्ध आहे, सुपारी आणि खाण्याची तंबाखू आहे. म्हणजे खर्रा. माझ्या ओळखीची तीन माणसं मी तोंडाच्या कॅन्सरने जाताना पाहिली, सगळी पन्नाशीच्या आतली. तुमच्या घरात कुणी खर्रा घोटत असेल तर टॉवरच्या अर्जाआधी त्याच्याशी बोला, ही माझी हात जोडून विनंती आहे.

सुनेच्या पोटातल्या बाळाचं म्हणाल, तर या लहरी कातडीखाली काही सेंटिमीटरांतच बहुतेक विरतात, आणि टॉवरच्या बाजूने येणारं मुळातच किती थोडं आहे ते वर पाहिलं. गरोदरपणात तिला खरी गरज पडेल ती रात्री-बेरात्री १०८ ला लागणाऱ्या फोनची. रेंज नसलेल्या गावातून रुग्णवाहिका बोलवायला माणूस मोटारसायकलवर टेकडीपर्यंत गेलेला मी पाहिला आहे.

टॉवरमुळे डोकं दुखतं, झोप लागत नाही, अशा तक्रारीही येतात, आणि त्या खोट्या नसतात. एका ठिकाणी म्हातारी रोज रडायची. मी दोन रात्री तिथे थांबलो. लोडशेडिंग झालं की टॉवरचं डिझेल जनरेटर तिच्या खिडकीखाली सुरू व्हायचं, धूर घरात यायचा. लहरींचा आकडा नगण्य होता, पण तिचं दुखणं खरं होतं. टॉवरला होकार देताना कंपनीकडून हे लेखी घ्या: जनरेटर घरांपासून दूर, आवाज दाबणाऱ्या पेटीत, धुराचा पाइप वर. गावाला ज्याचा खरोखर त्रास होतो ते हे आहे, आणि ते लोक मागतच नाहीत.

शंका उरली तर मोजून घ्या. दूरसंचार विभागाचं 'तरंग संचार' नावाचं पोर्टल मे २०१७ पासून आहे. त्यावर आपल्या भागातला टॉवर शोधता येतो, तो मर्यादेत आहे का पाहता येतं, आणि पैसे भरून मोजणी मागवता येते. पोर्टल सुरू झालं तेव्हा शुल्क ४००० रुपये अधिक कर असं होतं. गावाने वर्गणी केली तर एका घरावर फार पडत नाही. मोजायला येतील तेव्हा फक्त अंगणात मोजू देऊ नका. शाळेजवळ, अंगणवाडीत आणि चारशे-पाचशे मीटरवरच्या वस्तीतही मोजायला लावा, कारण झोत तिकडे टेकतो.

आठवडी बाजारात फोनला चिकटवायचे 'रेडिएशन रोखणारे' स्टिकर विकतात. घेऊ नका. ते अँटेना झाकतात आणि फोन आणखी जोराने फेकतो. छपरावर लावायचे बूस्टरही घेऊ नका. परवानगीशिवाय ते बेकायदेशीर आहेत आणि एका घराच्या बूस्टरने अख्ख्या गावाची रेंज बिघडलेली मी शोधून काढली आहे. एसटीत, घाटात, फार वेळ बोलू नका, चारी बाजूंनी पत्रा असतो. आणि स्वस्तातल्या चार्जरवर फोन लावून उशाखाली ठेवू नका. आपल्याकडे व्होल्टेज जसं खालीवर होतं त्यात बॅटरी पेट घेते, हा धोका लहरींपेक्षा कितीतरी मोठा आहे.

तुमच्या जागी मी असतो तर टॉवरला विरोध केला नसता, जनरेटरची अट लिहून घेतली असती आणि सुरू झाल्यावर दोन महिन्यांनी मोजणी मागवली असती. टॉवर उभा राहीपर्यंत सुनेला एवढं सांगा: माहेरी बोलायचं असलं की मागच्या खोलीत टिनाखाली बसू नको, ओसरीत ये, जिथे दोन-तीन काड्या दिसतात. कानाला वायरचा इयरफोन लाव आणि फोन शेजारी बाजेवर ठेव. फोन कानापासून हातभर गेला की डोक्यावर पडणारा भाग जवळजवळ संपतोच. टॉवर सुरू झाला की तिला मागच्या खोलीतही बसता येईल. मोजणीचा कागद आला की इथे टाका, त्यातला एकेक आकडा मी तुम्हाला उलगडून सांगेन.